गल्लीतल्या कापडाच्या दुकानात शिवण शिकायची असेल तर

इंदुरात शिवण शिकायचे दोन रस्ते आहेत. एक क्लासचा: ठरलेली फी, आखीव वही, शेवटी प्रमाणपत्र. दुसरा गल्लीतल्या कापडाच्या दुकानाचा. पुढे काउंटर आणि कापडाचे तागे, मागे खिडकीपाशी दोन-तीन मशिनी. मालकीणबाई गिऱ्हाइकांच्या साड्यांना फॉल-पिको करून देतात आणि दुपारी गर्दी ओसरली की चौघी-पाचजणींना शिकवतात. पाटीवर यातलं काही लिहिलेलं नसतं. विचारावं लागतं.

नोकरीतून निवृत्त झाल्यावर, एकसष्टाव्या वर्षी, मी या दुसऱ्या रस्त्याने गेलो. पहिल्या दिवशी मालकीणबाईंना ‘मॅडम’ म्हटलं. त्या म्हणाल्या, “मॅडम कॉलेजात असतात भाऊ, इथे वहिनी म्हणा.” शिकणाऱ्यांत मी एकटा पुरुष. पहिला आठवडा सगळ्या जणी माझ्याकडे बघायचं टाळत होत्या, म्हणजे माझ्याकडेच बघत होत्या. दुसऱ्या आठवड्यात माझी बॉबिन (खालच्या दोऱ्याची फिरकी) अडकली, ती काढायला तिघी उठल्या आणि तो विषय संपला. पुरुषांनी लाजू नये एवढंच सांगतो. आयुष्यभर आपल्या पँटी ज्यांनी शिवल्या ते मास्तर पुरुषच होते.

दुकानाचा आग्रह मी का धरतो? क्लासात मशीन शिकवतात, दुकानात कापड शिकवतात. नवशिक्याच्या बिघडलेल्या दहा गोष्टी समोर ठेवा. बहुतेकींची चूक मशीनवर बसण्याआधीच झालेली असते. कापड न भिजवता कापलं, उभं-आडवं पाहिलं नाही, पन्हा, म्हणजे रुंदी, न विचारता कापड घेतलं. ही चूक काउंटरपाशी उभं राहून जितकी समजते तितकी वहीतून समजत नाही.

दुकान शोधताना

रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर या मराठी वस्तीच्या भागांत राहत असाल तर दूर जायची गरज नाही. राजवाड्याजवळचा शीतलामाता बाजार आणि महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केट कापड घ्यायला उत्तम, पण तिथल्या गर्दीत कोणी तुम्हाला दोन तास शेजारी बसवून घेणार नाही. दुकान चालत जाण्याच्या अंतरावर हवं, कारण पहिल्या महिन्यात तुम्ही घरी जाऊन पुन्हा परत येणार आहात, हातात उसवलेलं काहीतरी घेऊन.

दुकानात शिरल्यावर तीन गोष्टी बघा. एक, मशीन वापरातली आहे की तिच्यावर बिलबुकं रचून ठेवलीत. दोन, खिडकीचा उजेड मशीनवर येतो की नाही. ट्यूबलाइटखाली काळ्या कापडावर काळा दोरा दिसत नाही. तिसरी सगळ्यांत महत्त्वाची: कात्रणांची गाठोडी. जिथे उरलेले तुकडे नीट बांधून ठेवलेले असतात तिथे शिकणाऱ्याला सरावाला कापड फुकट मिळतं. आमच्या वहिनी शिवणीतल्या बारीक चिंध्याही टाकत नाहीत. त्या गोधडीत भरायला नेणाऱ्या आजी ठरलेल्या आहेत.

विचारायला कधी जावं? दुपारी दोन-तीनच्या सुमाराला. शनिवारी संध्याकाळी नको, दिवाळीच्या आधीच्या महिन्यात नको, लग्नसराईत तर नकोच. तेव्हा शिकवणारीला स्वतःचं जेवायला फुरसत नसते. आणि रंगपंचमीला गेर, म्हणजे रंग उडवत जाणारी मिरवणूक, निघते त्या दिवशी राजवाड्याकडे कापड आणायला जाऊ नये. हे सांगायची गरज नाही, पण मी गेलो होतो.

पैशाचं पहिल्याच दिवशी स्पष्ट बोला. कुठे महिन्याचे पैसे घेतात, कुठे ‘कापड आमच्याकडूनच घ्या’ एवढीच अट असते, कुठे थोडं कामही करून द्यावं लागतं: हुक लावणं, काज करणं, हातशिलाई. शेवटचा प्रकार मला सगळ्यांत आवडतो. गिऱ्हाइकाच्या वस्तूला हात लावताना माणूस जपून टाका घालतो. फक्त एक विचारून घ्या: बिघडलं तर भरपाई कोणाची?

बरोबर काय न्यायचं

मशीन विकत घेऊ नका. निदान चार महिने नाही.

दोन कात्र्या घ्या, एक कापडाची, एक कागदाची, आणि घरात जाहीर करून टाका की पहिलीला कोणी हात लावायचा नाही. कागद कापला की कापडाच्या कात्रीची धार जाते. माझ्या कात्रीने नातवाने वाढदिवसाच्या झिरमिळ्या कापल्या, त्यानंतर ती मलमलीला चावायला लागली. मापाची टेप साठ इंची घ्या. ती नवी असतानाच दुकानातल्या लोखंडी मीटरपट्टीशी ताडून बघा. स्वस्त टेपा ताणल्या जातात आणि इंचामागे थोडं थोडं खोटं बोलतात. खडू पांढरा आणि एक रंगीत, टाचण्या, हातशिलाईच्या बारीक सुया, आणि दोरा उसवायला रिपर. काही जणी ब्लेडने उसवतात. त्यांचा हात बसलेला असतो, आपला नसतो.

मशीनच्या सुया नंबरावर मिळतात. ११ नंबर बारीक, मलमल-चंदेरीसाठी. १४ नंबर पॉपलीन, केंब्रिक अशा रोजच्या सुती कापडाला. १६ जाड कापडाला. १८ जीन्स किंवा ताडपत्रीसारख्या कापडाला. सुरुवातीला १४ च्या चार-पाच घेतल्या की पुरे. त्यातल्या दोन तुम्ही पहिल्या आठवड्यात मोडणार.

काउंटरमागचे पहिले दिवस

वहिनींनी मला पहिले सहा दिवस मशीनवर बसूच दिलं नाही. “ताग्यांच्या घड्या घाला,” म्हणाल्या. मनात म्हटलं, फुकटचा नोकर मिळाला यांना. पण घड्या घालता घालताच कापड हाताला कळायला लागतं, म्हणून तुम्हाला कोणी हे काम दिलं तर नाही म्हणू नका.

सगळ्यांत आधी पन्हा शिका. पन्हा म्हणजे कापडाची रुंदी, एका किनारीपासून दुसऱ्या किनारीपर्यंत. साधारणपणे ३६, ४४ आणि ५८ इंच असे पन्हे भेटतात. ‘ब्लाउजला किती लागेल?’ या प्रश्नाला पन्हा कळल्याशिवाय उत्तर नाही. दुकानातला हिंदी बोलणारा मुलगा त्याला ‘पना’ म्हणेल, परकराला ‘पेटीकोट’, हातशिलाईला ‘तुरपाई’ आणि कात्रणाला ‘कतरन’. इंदूरच्या दुकानात दोन्ही भाषा एकाच वाक्यात चालतात. ‘वहिनी, कच्ची सिलाई करून घेतली, आता उसवू का?’ असं आम्ही सगळेच बोलतो. पुण्याहून नव्याने आलेल्या एका बाईंना ‘कच्ची सिलाई’ म्हणजे धावदोरा, हे कळायला दोन दिवस लागले.

मग वार आणि मीटर. जुन्या आजी अजून वारात मागतात. वार म्हणजे ३६ इंच, मीटर म्हणजे सव्वाएकोणचाळीस इंचांहून थोडं जास्त. नऊवारी नेसणारीच्या हिशेबात नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या जवळपास. आजीने ‘दोन वार अस्तर’ मागितलं आणि तुम्ही दोन मीटर फाडलंत तर तिचा फायदा, उलटं झालं तर तुमचं भांडण.

आता कापडाचं उभं आणि आडवं. किनारीला समांतर जाणारा धागा उभा, म्हणजे ताणा. या किनारीपासून त्या किनारीला जाणारा आडवा, म्हणजे बाणा. कात्रणाचा एक तुकडा घ्या आणि तिन्ही बाजूंनी ओढून बघा. उभं ओढलं तर जवळजवळ ताणत नाही, आडवं थोडं ताणतं, आणि कोपऱ्या-कोपऱ्याने तिरकं ओढलं तर रबरासारखं लांबतं. या तिरकेपणाला दुकानात उरेब म्हणतात. गळ्याला लावायची पट्टी उरेबच कापतात, कारण ती वळणावर चुणी न पडता बसते. आणि याच कारणाने अंगरख्याचा किंवा बाहीचा तुकडा चुकून तिरका कापला गेला तर धुतल्यावर तो कुठल्या दिशेला लोंबेल याचा नेम नाही. कापड मांडताना प्रत्येक तुकड्यावर खडूने उभ्या धाग्याचा बाण काढायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

दुकानदार पॉपलीन कात्रीने थोडं कातरून टर्रकन फाडतो, ते बघून मला आधी धडकी भरायची. पण सुती कापड आडव्या धाग्यावर अगदी सरळ फाटतं, कात्रीने कापलेल्याहून सरळ. प्रत्येक कापडाला ही युक्ती चालत नाही. रेशमी किंवा विरळ विणीच्या कापडाला तर नाहीच. तिथे एक धागा ओढून काढायचा, त्याची रेघ दिसते, त्या रेघेवर कापायचं.

सुती कापड ओळखायचं कसं? दुकानदार ‘प्युअर कॉटन’ म्हणतो तेव्हा दोन धागे काढून दुकानाबाहेर काडीने पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा, राख बोटाने चोळली की उडून जाते. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला कडक गोळी बनते. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो. दुकानाच्या आत हा प्रयोग करू नका, ताग्यांमध्ये तर मुळीच नाही.

आमच्या दुकानात रोज दुपारी एक आजोबा येऊन बसतात. हे शहर एकेकाळी गिरण्यांचं होतं: मालवा मिल, हुकुमचंद मिल, कल्याण मिल, राजकुमार मिल, स्वदेशी मिल. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली, बाकीच्यांचे भोंगेही थांबले. आता रिक्षावाला ‘मालवा मिल’ म्हणतो तो चौकाचं नाव म्हणून. आजोबा त्यांतल्या एका गिरणीत कामाला होते. ते डोळे मिटून कापड अंगठा आणि तर्जनीत धरतात, चोळतात आणि सांगतात, “खळ आहे नुसती, धुतलं की जाळी.” खळ म्हणजे कापडाला दिलेली कांजी. तुम्हीही करून बघा: कापडाचा कोपरा दोन्ही हातांत जोरात चोळा. पांढरी पूड झडली आणि कापड मऊ, विरळ झालं, तर तो कडकपणा कांजीचा होता. तुमच्या गल्लीतही असं कोणी असेल. अशा माणसाला चहा पाजत जा.

सरावाला मांजरपाट घ्या. बिनधुलाईचं, पिवळसर, स्वस्त, आणि त्यावर खडू स्पष्ट दिसतो. माहेश्वरी, चंदेरी, बाग प्रिंट हे आपल्या माळव्याच्या आसपासचं वैभव, पण पहिल्या चार महिन्यांत त्याला कात्री लावू नका. माहेश्वरीत बहुधा ताणा रेशमी आणि बाणा सुती असतो. शिवणीपाशी धागे सरकतात, म्हणून मार्जिन भरपूर ठेवावं लागतं. चंदेरी पारदर्शक, तिला अस्तर लागतं. धार जिल्ह्यातल्या बाग गावचा तो लाल-काळा छापा पहिल्या धुण्यांत रंग सोडू शकतो, म्हणून तो वेगळा भिजवायचा.

भिजवल्याशिवाय कापायचं नाही

सुती कापड रात्री साध्या पाण्यात भिजत घाला, सकाळी न पिळता वाळत घाला, थोडं ओलसर असतानाच उभ्या धाग्याच्या दिशेने इस्त्री करा. अस्तरही भिजवा. साडीचा फॉलही. याला अपवाद नाही. मी घाईत न भिजवता शिवलेला पहिला परकर बायकोने एकदा धुतला आणि दुसऱ्यांदा नेसला नाही. घोट्यावरचा पोटरीवर आला होता.

मशीनशी ओळख

बहुतेक दुकानांत काळी पायमशीन असते, उषा किंवा सिंगर किंवा तशाच घडणीची. विजेवर चालणारी रंगीत मशीन दिसली तरी पायमशीनवरच शिका. तिचा वेग तुमच्या पायात असतो, घाबरलात की ती थांबते.

पहिले दोन दिवस नुसते पाय. हाताच्या चाकाच्या मधोमध एक गोल चकती असते. ती सैल केली की चाक फिरतं पण सुई हलत नाही. तशा अवस्थेत पाय चालवा. सुरुवात हाताने चाक आपल्याकडे फिरवून करायची, मग पायाने तीच गती धरायची. चाक उलटं, पलीकडे फिरलं की शिवताना दोरा तुटतो. थांबून पुन्हा सुरू करणं, दोन टाके घालून थांबणं, हे जमेपर्यंत पुढे जायची घाई नको. मला पाच दिवस लागले. शेजारच्या नववीतल्या मुलीला अर्धा तास.

मग चकती घट्ट करा, सुई लावा, दोरा नको. वहीचा रेघी कागद घ्या आणि रेघांवर सुई चालवा. सरळ रेघा, मग चौकोन, मग जिलबी. कोपऱ्यावर वळताना सुई कागदात खाली रुतलेली ठेवायची, प्रेशर फूट (सुईजवळचा, कापड दाबून धरणारा पाय) वर करायचा, कागद फिरवायचा, फूट खाली, पुढे. भोकांची ओळ रेघेवर आली की नाही ते उजेडासमोर धरून बघा. कागद शिवलेली सुई मात्र कापडाला वापरू नका, ती बोथट होते.

दोरा ओवताना घोटाळा इथे होतो: सुईला एका बाजूला लांब खाच असते आणि वरच्या जाड भागाला एक सपाट बाजू. दोरा नेहमी लांब खाचेच्या बाजूने आत जातो. सुई उलटी बसली तर मशीन टाके सोडते, आणि नवशिका तासभर मशीनला दोष देतो. सुई वरपर्यंत ढकलून मग स्क्रू आवळा.

बॉबिन काठोकाठ भरू नका. तिच्या धातूच्या डबीत, म्हणजे केसमध्ये, घालून तिला दोऱ्याने लोंबकळत ठेवा: आपोआप घसरत खाली आली तर सैल आहे, झटका देऊनही हलली नाही तर फार घट्ट. हलक्या झटक्याला थोडीशी उतरून थांबली की बरोबर. शिवायला लागताना वरचा आणि खालचा, दोन्ही दोरे तीन-चार इंच मागे ओढून धरा; नाही तर पहिल्याच टाक्याला खाली गुंता होतो. त्या गुंत्याला आमच्याकडे ‘चिमणीचं घरटं’ म्हणतात.

टेन्शनचं, म्हणजे दोऱ्याच्या ताणाचं, गणित सोपं आहे. खालचा दोरा वर ठिपक्यांसारखा दिसत असेल तर वरचं टेन्शन घट्ट आहे. खाली वरच्या दोऱ्याचे फास दिसत असतील तर वरचं सैल आहे. पण टेन्शनच्या चकतीला हात लावण्याआधी दोन गोष्टी तपासा: दोरा टेन्शनच्या चकत्यांच्या मधून गेलाय का, आणि प्रेशर फूट खाली आहे का. बरेचदा दोष तिथेच असतो. टाक्यांची लांबी इंचाला दहा-बारा टाके एवढी ठेवा. कापड मागून ओढू नका. खालचे दात ते आपोआप पुढे नेतात. ओढलंत की सुई वाकते आणि पत्र्यावर आपटून मोडते.

तेल मशीनचंच घाला. आमच्या दुकानात एकीने खोबरेल घातलं होतं. उन्हाळाभर ठीक चाललं, डिसेंबरच्या सकाळी मशीन जागची हलेना. खोबरेल चोवीस अंशांच्या खाली थिजतं आणि आपल्याकडे थंडीत पारा त्याच्या बराच खाली असतो. तेल घातल्यावर आधी चिंधीवर थोडं शिवून काढा, मगच चांगलं कापड.

पहिली वस्तू: उशीचा अभ्रा

पिशवीने सुरुवात करा असं बरेच जण सांगतात. मी अभ्रा सांगतो, कारण त्यात सगळ्या सरळ शिवणी आहेत, मापाला थोडी ढिलाई चालते आणि वाकडा झाला तरी खाली चेहरा ठेवून झोपता येतं.

समजा उशी १७ बाय २७ इंच आहे. झाकण आत जाणारा, बटण नसलेला अभ्रा करू. रुंदी १७ अधिक दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच मार्जिन, म्हणजे १८. लांबी २७ पुढची, २७ मागची, ६ झाकणाची, आणि दोन्ही टोकांना एकेक इंच दुमड, म्हणजे ६२ इंच. आता पन्ह्याचा उपयोग बघा: ३६ इंच पन्ह्याच्या पॉपलीनमध्ये १८ इंचांचे दोन अभ्रे शेजारी शेजारी बसतात, एक चिंधी वाया जात नाही. ६२ इंच म्हणजे १ मीटर ५८ सेंटिमीटरच्या आसपास. भिजल्यावर आटेल म्हणून पावणेदोन मीटर घ्या. भिजल्यावर पन्हाही थोडा कमी भरला तर रुंदीचं मार्जिन थोडं थोडं कमी करा, कापड ओढून पुरं करायला जाऊ नका.

दोन्ही अरुंद टोकं आधी अर्धा इंच, पुन्हा अर्धा इंच दुमडून शिवून टाका. मग कापड सुलटी बाजू वर करून जमिनीवर पसरा. एका टोकाकडून २७ इंच दुमडून वर घ्या, म्हणजे सुलटीवर सुलटी आली. दुसऱ्या टोकाचे उरलेले ६ इंच त्याच्यावर दुमडा. झाकण सगळ्यांत वर यायला हवं, क्रम चुकवू नका. दोन्ही लांब बाजूंना टाचण्या लावा, धावदोरा घाला, मग अर्ध्या इंचावर मशीन मारा. सुरुवातीला आणि शेवटी तीन-चार टाके मागे-पुढे करून शिवण पक्की करा. मशीन मागे चालत नसेल तर कापड फिरवून त्याच टाक्यांवरून परत या. धावदोरा काढा, अभ्रा उलटवा, कोपरे पेन्सिलीच्या बोथट टोकाने बाहेर काढा. झाकण आपोआप आत जातं. जात नसेल तर क्रम चुकला, उसवा.

असे सहा अभ्रे शिवा. दोन घरी, चार नातेवाइकांना. ते कौतुक करतील, त्यावर विश्वास ठेवू नका, वहिनींना दाखवा.

फॉल

दुकानात मिळणारं पहिलं ‘खरं’ काम बहुधा हेच. फॉल भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. कोरा लावला आणि नंतर आटला तर साडीचा काठ आक्रसतो, आणि गिऱ्हाईक साडी घेऊन परत येतं. साडीच्या आतल्या, खोचायच्या टोकाकडून खालच्या काठाला फॉल उलट बाजूने ठेवायचा. काठाची कडा मशीनवर किंवा बारीक टाक्याने, वरची कडा हातानेच. सुईत साडीचा एखाद-दुसराच धागा घ्यायचा, म्हणजे सुलट बाजूला टाका दिसत नाही. दोरा ओढून घट्ट करू नका. दिवसाला एक फॉल नीट झाला तरी खूप झालं. मालकीणबाई दिवसाला किती करतात ते मोजायला जाऊ नका.

परकर, आणि मग ब्लाउज

परकरावर फार लिहीत नाही. सहा कळ्यांचा, म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद अशा सहा तुकड्यांचा, परकर कोणीही शेजारी बसवून दोन दुपारींत शिकवेल. दोनच गोष्टी लक्षात ठेवा. कळ्या कापताना एक सुलटी, एक उलटी अशा मांडल्या की कापड वाचतं. आणि जोडताना एका कळीची सरळ बाजू दुसरीच्या तिरक्या बाजूला जोडायची. दोन तिरक्या बाजू एकत्र आल्या तर ती शिवण लोंबते. नेफ्यात नाडी घालायला सेफ्टी पिन.

ब्लाउजची घाई मात्र करू नका. चौथ्या महिन्याच्या आधी मागू नका आणि पहिला ब्लाउज कोणाच्या लग्नाचा घेऊ नका. उत्तम बसणारा जुना ब्लाउज घ्या, एका बाजूने उसवा, कागदावर ठेवून त्याचा आकार काढा. मग माप घ्यायला शिका: उंची, खांदा, छाती, कंबर, मुंढा (बाही जोडायचा काखेचा घेर), बाहीची लांबी, दंडघेर, पुढचा आणि मागचा गळा. माप घेताना टेपच्या आत दोन बोटं सरकली पाहिजेत. कापताना चारचा भागाकार कुठून येतो हे न समजता पाठ करणारे बरेच असतात: कापड चार पदरी दुमडलेलं असतं, म्हणून ३६ च्या छातीचे ९, त्यात आमच्या दुकानात २ इंच मिळवतात, अर्धा ढिलाईचा आणि दीड आत दाबून ठेवायचा, पुढे अंग भरलं तर सोडायला. तुमच्या मालकीणबाईंचा आकडा वेगळा असेल. त्यांचाच धरा, दोघींचे मिसळू नका.

साडीतून निघणारा ब्लाउज पीस साधारण ८० सेंटिमीटरचा असतो, चुकायला त्यात जागा नाही. म्हणून आधी तोच ब्लाउज मांजरपाटात शिवून, अंगावर घालून बघायचा. मी ही पायरी गाळली आणि दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या कापल्या. पुढचा मुंढा मागच्यापेक्षा खोल असतो, त्यामुळे बाही उलटवून लावता येत नाही. बाह्या कापताना कापड दुमडून, सुलटीवर सुलटी ठेवून, दोन्ही एकदम कापा. एक उजवी, एक डावी आपोआप निघते. त्या दोन उजव्या बाह्यांची आता माझ्याकडे चष्म्याची पिशवी आहे.

उसवताना

उसवणं हे वेगळं काम आहे आणि ते उजेडात, बसून, चहा पिऊन झाल्यावर करायचं. दर चार-पाच टाक्यांनंतर एक टाका रिपरने कापा, मग उलट बाजूचा दोरा ओढा. अख्खी शिवण सुटते. दोन कापडं ओढून फाकवू नका, त्याने कापडाला भोकं पडतात आणि उरेब बाजू लांबून जाते. उसवल्यावर धाग्याचे बारीक तुकडे वेचून काढा आणि इस्त्री फिरवा, नाही तर पुढची शिवण जुन्या भोकांतूनच जायला बघते. हात पुसून बसा. सकाळच्या पोह्यांवरच्या शेवेचं तेल बोटांना राहिलेलं असतं, ते इस्त्रीखाली कापडावर उमटतं. आमच्या दुकानात मशीनपाशी खाणं बंद आहे ते एका मोतिया रंगाच्या चंदेरीमुळे. ती कोणाची, हे वहिनी सांगत नाहीत.

मशीन घेताना

पाच-सहा महिने नियमाने दुकानात गेलात आणि रविवारीही जावंसं वाटलं, तर मशीन घ्या. जुनी पायमशीन चांगली. घेताना बरोबर आपला मांजरपाटचा तुकडा न्या आणि तिथेच शिवून बघा: चार पदरी कापडावर टाका सुटतो का, चाक फिरवताना खडखड येते का, शटलपाशी गंज आहे का, बॉबिन केस तिची स्वतःचीच आहे का. रंग उडालेला असला तरी हरकत नाही. डोकं बदललेलं आणि स्टँड दुसऱ्याच कंपनीचं असेल तर पट्टा सरळ रेषेत बसतो का ते वाकून बघा.

लोडिंग रिक्षातून घरी आणताना वरचं डोकं पेटीत उलटं बसवून घ्या, सुई काढा, आणि चामड्याचा पट्टा आधीच सोडवून खिशात ठेवा. माझा मालवा मिलच्या चौकापाशी कुठेतरी पडला. नवा पट्टा लांब मिळतो. चाकांवरून गुंडाळून बघायचा, बोटभर कमी राहील एवढा कापायचा, टोकाला भोक पाडून तारेचा आकडा पकडीने दाबायचा. पहिले काही दिवस तो ताणून सैल होतो, तेव्हा पुन्हा थोडा कापायचा. कापून फेकलेला तुकडा ठेवून द्या, कात्रीच्या मुठीला गुंडाळायला उपयोगी पडतो.